उसनं कुरण

गाडीची फळी खाली टेकली आणि दोक्का उतरली. एकवीस वर्षांची, फ्योर्ड जातीची घोडी, पण उतरली कशी म्हणाल? घाई नाही, धडपड नाही. फळीचा अंदाज घेतला, एकेक पाऊल टाकलं आणि अंगणात येऊन उभी राहिली. बदामी अंग, ताठ कातरलेली पांढरी आयाळ, आणि त्या पांढऱ्याच्या मधोमध काळी रेघ. सोल्वीचा सगळा जन्म घोड्यांत गेलेला, पण तीही बघतच राहिली. अशी घोडी दारात यायला नशीब लागतं, असं तिला वाटलं.

घोडीच्या मागून गुन्वोर उतरली. पंचाहत्तरीची, कमरेत वाकलेली. म्हाताऱ्या घोड्यांना योग्य घर शोधून विकायचं, हे तिचं काम. तिची रीत सगळ्या खोऱ्याला ठाऊक होती. घोडं ती स्वतःच्या अंगणातून विकायची नाही. स्वतः गाडी हाकत गिऱ्हाइकाच्या दारी यायची, जागा बघायची, आणि नाही पटली तर घोडं परत गाडीत. दोक्कासाठी तिनं आजवर चार घरं नाकारली होती.

म्हणून तर सोल्वीच्या नवऱ्यानं, अर्विदनं, घोळ घातला होता. त्यांचं रान घरामागच्या चढावर, सगळा खडक आणि झुडपं. "हे बघून म्हातारी गाडीतून उतरायचीसुद्धा नाही," असं म्हणत त्यानं शेजारच्या स्टाइनारचं अंगणालगतचं खालचं कुरण एका दिवसासाठी मागून घेतलं होतं. त्याच्या गाई सकाळीच पलीकडे हाकलल्या होत्या. सोल्वीला हे अजिबात पटलं नव्हतं, पण ती गप्प बसली होती. त्यांचा घोडा ग्रोम तीन आठवडे नीट खात नव्हता. त्याची जोडीदारीण घोडी मेल्यापासून तो रानाच्या फाटकाशी उभा असायचा आणि समोर ठेवलेल्या सुक्या गवताला तोंड लावायचा नाही. त्याला सोबत आणा, नाहीतर बर्फ पडायच्या आत कायमचा निरोप द्या, असं जनावरांचा डॉक्टर सांगून गेला होता.

"हे आमचं कुरण," अर्विदनं हात पसरला. "गुडघाभर गवत. घोडी राणीसारखी राहील बघा."

गुन्वोरनं मूठभर गवत उपटलं, हुंगलं, एक काडी चावली.

"खत घालता?"

"भरपूर."

"कापणी किती वेळा?"

"तीनदा." अर्विदची छाती फुगली.

"छान आहे," गुन्वोर म्हणाली. "गाईंना फार छान आहे. चल गं दोक्का, बस गाडीत."

सोल्वी पुढे झाली. "का? काय चुकलं?"

"एका उन्हाळ्यात हिचे खूर तापतील, बाई. उभं राहता यायचं नाही हिला. असलं खतावरचं रसरशीत गवत ह्या जातीला पचत नाही, हे घोडेवाल्या घरात मी येऊन सांगायचं?"

सोल्वीला ते पक्कं ठाऊक होतं. लाजेनं तिचे कान गरम झाले. अर्विद आपल्या बुटांकडे बघत होता. दोक्काचा पुढचा पाय फळीवर पडलासुद्धा.

"थांबा," सोल्वी म्हणाली. "हे कुरण आमचं नाही."

"अगं सोल्वी..."

"तू गप्प बस. शेजाऱ्याचं आहे हे. आजच्यापुरतं मागून आणलंय. आमचं रान मागे आहे, पण तिथं नुसते दगड. तुम्हाला दाखवायची लाज वाटली."

गुन्वोर वळली.

"चाळीस वर्षं घोडी विकतेय मी," गुन्वोर म्हणाली. "लोकांनी उसनं खोगीर दाखवलं, उसना तबेला दाखवला, एकानं तर उसनी बायकोसुद्धा आणून उभी केली. उसनं कुरण आज पहिल्यांदा बघतेय. चल, दाखव तुझे दगड."

चढावर ती दोक्काच्या मानेला धरून चालली. तिला धाप लागली की घोडी आपणहून थांबायची. वर पोचल्यावर गुन्वोरनं सगळं रान नजरेखालून घातलं. खडक, झुडपं, मध्ये कुठे कुठे विरळ गवत, आणि पार खाली ओढा.

"पोट भरायला किती चालावं लागतं?"

"दिवसभर," सोल्वी म्हणाली. "वर खायचं आणि पाण्याला खाली उतरायचं."

"आणि हिला हवं तेच झाकून ठेवलंत होय? चार घरं फिरले, चारही जणांनी मला हिरवळ दाखवली." तिनं अर्विदकडे बघून मान हलवली. "ह्याला शहाणा कुणी म्हटलं गं?"

"त्याच्या आईनं," सोल्वी म्हणाली. अर्विदलाही हसू आलं.

गुन्वोरनं दोर सोडून सोल्वीच्या हातात ठेवला. हात मात्र घोडीच्या मानेवर जरा वेळ राहिला, आणि सोल्वीनं तिला तो राहू दिला.

फाटक उघडलं. ग्रोमनं डोकं वर केलं. दोक्कानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ त्याच्या समोरच्या सुक्या गवतापाशी गेली आणि खायला लागली. ग्रोम जवळ आला, तिची मान हुंगायला लागला. तिनं कान मागे पाडले आणि त्याच्या खांद्याला एक चावा घेतला. अर्विद पुढे धावला.

"राहू दे," गुन्वोर म्हणाली.

ग्रोम चार पावलं मागे सरला. त्याच्याच गवतावर ताव मारणाऱ्या त्या परक्या घोडीकडे तो बराच वेळ बघत उभा राहिला. मग दुसऱ्या बाजूनं वळसा घालून आला, मान लांब केली, ती वळायच्या आत तोंडभर गवत ओढून घेतलं, आणि उभ्या उभ्या चावू लागला.