चाळीस प्रश्न

"सकाळी उठावंसं वाटतं का, असं विचारतोय मी. उठता का, असं नाही," हेडमास्तर म्हणाले.

दारातल्या शिंपीणबाई हसल्या. "न उठून कसं चालेल? सून कामाला जाते. तिचा डबा काय शेजारीण करणार?"

हेडमास्तरांनी 'होय'वर खूण केली. म्हातारपणी माणसाला जगण्यात काही हेतू वाटतो का, याची ही पाहणी. घरोघर जायचं, चाळीस प्रश्न विचारायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, बायको जाऊन तीन. हे काम मिळेपर्यंत ते घड्याळाकडे बघत दुपार ढकलायचे. आता गुडघे कुरकुरेपर्यंत जिने चढायचे आणि खूश असायचे.

कुतूहल तर असं चाळवलं होतं, की विचारू नका. चार मुलं, दोन बंगले असलेला कंत्राटदार म्हणतो, "आता कशासाठी?" आणि एकट्या राहणाऱ्या, अक्षरशत्रू भाजीवाल्या आजींना मरायलाही फुरसत नाही! शिक्षण, पैसा, गोतावळा, कशाचंच गणित जुळेना. उत्तर कळल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

दर शनिवारी ते कार्यालयात गठ्ठा नेऊन द्यायचे. तिथली संशोधक मुलगी त्यांच्या नातीच्या वयाची. गठ्ठा कपाटात टाकायची आणि त्यांचीच विचारपूस करायची. झोप लागते का, जेवण जातं का, दिवसभरात कुणाशी बोलणं होतं का. मोठी गुणाची पोर! फक्त सातवा आणि एकोणिसावा प्रश्न एकच आहे, हे तीनदा सांगूनही तिने छापील कागद काही बदलले नव्हते.

शेवटच्या शनिवारी हेडमास्तरांनी धीर केला.

"काय निघालं मग आपल्या पाहणीतून? आणि... पुढचा टप्पा असेल ना? मला बिनपगारी चालेल."

"आहे ना, सर. पुढचा टप्पा आहे," ती म्हणाली आणि चहा सांगते म्हणून घाईने बाहेर गेली.

हेडमास्तरांचा जीव भांड्यात पडला. टेबलावर तिची फाइल उघडीच होती. समोरच्या मुलाची वही उलटी वाचायची त्यांना आयुष्यभराची सवय. त्यांनी चष्मा सारखा केला.

'व्यक्ती क्रमांक सतरा. वय बहात्तर. विधुर, एकटे, निवृत्त मुख्याध्यापक. पहिला टप्पा: प्रश्नावलीचे काम दिले. झोप, भूक, उत्साह यांत मोठी सुधारणा. दुसरा टप्पा, सोमवारपासून: काम काढून घेणे. सहा महिने निरीक्षण.'