खिळ्यावरची पाटी

"बाबांकडे तुमचं हे पुस्तक राहिलं होतं," ती म्हणाली आणि रुमालात बांधलेलं पुस्तक तिनं ग्रंथालय सांभाळणाऱ्या फुसाए-सानच्या पुढ्यात ठेवलं.

जपानमधल्या त्या लहानशा गावातलं हे ग्रंथालय सोया सॉस बनवणाऱ्या एका घराण्यानं दीडशे वर्षांपूर्वी उघडलेलं. पुस्तक नेताना आपल्या आडनावाची लाकडी पाटी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची, परत केलं की पाटी न्यायची. एकही पाटी लटकत असेल तोवर ग्रंथालय बंद करायचं नाही, असं मूळ मालकानं लिहून ठेवलं होतं.

खिळे दोनशे होते. पाटी एकच उरली होती, कुरामोतो मास्तरांची. तिच्या भरवशावर फुसाए-सान रोज दार उघडायच्या, कपाटं पुसायच्या आणि दिवसभर कुणाशी एक शब्दही न बोलता घरी जायच्या.

"मास्तर कधी गेले?"

"महिना झाला."

फुसाए-साननी पाटी उतरवली. ती द्यायलाच हवी होती, पण हात पुढे होईना.

"तुम्ही वाचलंत हे?"

"नाही."

"आडनाव तुमचंही कुरामोतोच ना?"

"हो."

त्यांनी पाटी पुन्हा खिळ्याला अडकवली आणि पुस्तक तिच्याकडे सरकवलं. "मग वाचून आणा. घाई नाही. मास्तरांनी अकरा वर्षं लावली."

"बाबांचं तर आठवड्यातच वाचून झालं होतं," ती म्हणाली. "परत देऊन येऊ का विचारलं, की म्हणायचे, पाटी राहू दे."