अजून नाही
चर्चमध्ये गाणं उचलायचं ते बाबांनीच. त्यांच्याइतक्या जोमाने कुणी गातच नसे. घरी आल्यावर मात्र कमरेचा पट्टा सुटायचा आणि आई कोपऱ्यात अंग चोरून बसायची. तेच बाबा आता अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. नर्स असलेली लेक ड्युटी संपवून यायची, त्यांना पुसून काढायची, पाठीच्या जखमांना मलम लावायची. एकदा ती कोमट पाण्यात टॉवेल पिळत असताना बाबांनी धड असलेल्या हाताने तिचं मनगट धरलं. "मला माफ केलंस ना गं?" हो म्हणायला काय जात होतं? माणूस चार दिवसांचा सोबती. पण तिच्या तोंडून खोटं निघेना. "नाही, बाबा. रोज देवाकडे तेवढंच मागते. अजून मिळालेलं नाही. चला, कुशीवर घेते तुम्हाला." बाबा भिंतीकडे तोंड करून रडले. तिने जखमांना धक्का न लावता त्यांची पाठ पुसली. दुसऱ्या दिवशीही पुसली. त्याच आठवड्यात ते गेले. दफनाआधी चर्च गच्च भरलं होतं. पाळक म्हणाले, "खरं प्रेम कसं असतं, ते या लेकीने दाखवलं. ये बेटा, दोन शब्द बोल." ती शवपेटीजवळ उभी राहिली. "मी बाबांना अजून माफ करू शकलेले नाही," ती म्हणाली. "ते जमावं म्हणून माझ्यासाठी प्रार्थना करा." बाकांवरची माणसं खाली बघू लागली, त्या घरातलं सगळ्यांनाच ठाऊक होतं, तोंड मात्र कुणी उघडलं नव्हतं. तेवढ्यात आई पहिल्या बाकावरून उठली, लेकीला खेटून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्यासाठीसुद्धा करा."