बाहेर काढलेली बाटली

"अगं, केवढी तापली होती बिचारी! म्हटलं, जरा गार होऊ दे," आई म्हणाली.

लेकीनं कपाळावर हात मारला. ऐंशी अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये असायची ती बाटली प्रयोगशाळेच्या खिडकीत रात्रभर वारा खात बसली होती. काल संध्याकाळी आईला सोबत आणून लेक कुलपं लावत होती, तेवढ्यात आईनं हा उद्योग केला. बाटलीत उकळत्या, आंबट झऱ्यातले जंतू होते. तो झरा दरडीखाली बुजून गेला होता. आता उरले होते ते एवढेच.

गरम काचेवर थेंब घेऊन तिनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. एकही हलेना.

"जाऊ दे," ती तुटकपणे म्हणाली. "तुझ्या बसची वेळ होत आली."

आईची बॅग प्रयोगशाळेच्या दाराशी तयार होती. बाबांच्या जिभेला आणि हाताला त्या घरात कधी लगाम नव्हता. लेकीनं नाना खटपटी करून आईला तिथून आणलं, तर इथे ती निम्मी झाली. घास जात नव्हता, उठल्या-बसल्या डोळ्यांना पाणी. वर 'मला मेलीला सुख मानवत नाही' हे पालुपद. एवढं होऊनही हिला बाबाच हवेत, या रागात लेकीनं परतीचं तिकीट काढून टाकलं होतं.

"पण गारव्यानं कोण मरतं गं?" आईचा चेहरा उतरला होता.

"गारव्यानं नाही. आम्ल त्यांच्या चहूबाजूंना असतंच. उकाड्यात असतात तोवर त्याला बाहेर थोपवायची ताकद असते. गार पडले की ती जाते. मग तेच आम्ल आत शिरतं."

आई बाटलीकडे बघत राहिली.

"तिकडे मी एकदाही रडले नव्हते," ती म्हणाली.

लेकीनं दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं.

आईनं बाटली उचलली. "परत आत ठेवली तर?"

"आता उपयोग नाही, आई."

आईनं तरी ती आत ठेवली, इन्क्युबेटरचं दार लावलं. मग बॅग मांडीवर घेऊन त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"आई, बस सुटेल..."

"थांब गं. आधी ते हलतात का बघू."