दोन पट्ट्या वर

तिने पेटीचा सूर मुद्दाम दोन पट्ट्या वर धरला. पहिल्याच अभंगात बुवांचा आवाज फाटला.

"अगं, सूर उतरव," ते चिपळ्यांआडून पुटपुटले.

"जमत नसेल तर थांबा की."

महिनाभर नवराबायकोचं असंच चाललं होतं. तिला न विचारता बुवांनी मस्कतची नोकरी सोडली, चौघांची परतीची तिकिटं काढली. गाडी विकली, सोफा गेला, मुलांचे शाळेचे दाखले आले, वीस मुलींचा तिचा गाण्याचा वर्ग बंद पडला. आज रिकाम्या हॉलमध्ये सतरंजी घालून निरोपाचं कीर्तन होतं. आख्यान वनवासाचं.

"मग राम सीतेपाशी आला, म्हणाला, जानकी..."

"निदान सांगायला आला तरी!" पेटीमागून ती कडाडली.

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या, गळ्यातला हार उतरवून देवापुढे ठेवला. मग तिच्याकडे वळले.

"तू नाही म्हणशील, या भीतीनं विचारलंच नाही. चुकलो. येशील माझ्याबरोबर?"

तिचं बोट दोन पट्ट्या खाली सरकलं.

"आख्यान पुरं करा," ती म्हणाली. "मी विचार करून सांगते."