दीड इंच

“मास्तर, म्हातारपणी नजर गेली का? गाऊन जमीन झाडतोय!” काकूंनी नवा गाऊन शिलाईमशीनवर आपटला. त्यांचं माप माझ्या वहीत वीस वर्षं तेच आहे. गाऊनला टेप लावली, मग काकूंना खांद्यापासून घोट्यापर्यंत. गाऊन बरोबर होता. काकूच दीड इंच कमी भरल्या. “दूध-दही घेता का?” मी विचारलं. “शाकाहारी घर आमचं, सगळं येतं.” “तुमच्या ताटात येतं?” त्या अडखळल्या. “मुलाबाळांना वाढून उरलं तर. मला काय, काहीही चालतं.” “माझी आईही हेच म्हणायची. तिचे गाऊन मी दोनदा आखूड केले. तिसऱ्यांदा वेळच आली नाही. न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, उठलीच नाही. हाडांच्या डॉक्टरकडे जा.” मी कात्री उचलताच त्यांनी गाऊन ओढून घेतला. “कापू नका, दुमडून शिवा.” गेलेली उंची परत येत नसते. तरी दुमडूनच शिवला.