नववी नळी

निरोगी माणसांच्या दहा नळ्यांपैकी नववीने सगळ्या तक्त्याचा विचका केला होता.

रक्तवाहिन्यांना आतून सूज आली की रक्तातली काही प्रथिनं वाढतात. मधुमेहाने ज्यांच्या डोळ्यांचा पडदा बिघडलाय त्यांच्यात ती जास्त सापडतात का, एवढंच या भावंडांना पाहायचं होतं. भाऊ रक्त तपासायचा, बहीण डोळे. बाकीचे आकडे शहाण्या मुलांसारखे आपापल्या रांगेत बसले होते. नववी तेवढी निरोग्यांत बसून आजाऱ्यांचा आकडा दाखवत होती.

"मशीनला झटका आला असेल," भाऊ म्हणाला. "खोडून टाकू."

"तीनदा तपासलीस ना? तिन्ही वेळा तोच आकडा आलाय, दादा." बहीण खुर्ची ओढून बसली. आता तिला चैन पडणार नव्हतं. "या माणसाला सर्दी-ताप होता का? हिरडी सुजलेली?"

"काही नव्हतं."

"तुला कसं ठाऊक? नळीवर तर नुसता नंबर आहे."

शेवटी त्याला कबूल करावं लागलं. ठरलेला माणूस आयत्या वेळी आलाच नाही, म्हणून यानेच बाही वर केली होती. अर्जही स्वतःच भरला होता. बहिणीने तो फाइलीतून काढला. 'मधुमेह: नाही' असं ऐटीत लिहिलेलं. बाकी नऊ जणांची साखर याने जातीने मोजली होती. या अर्जावर साखरेची चौकट कोरी होती.

"मला काय धाड भरलीय?" भाऊ म्हणाला. "नुसत्या या आकड्यावरून काही ठरत नाही, तूच सांगतेस."

"नाहीच ठरत. म्हणून तर बघायचंय. साखर नंतर, आधी डोळे." तिला भारी उत्सुकता वाटत होती आणि त्या उत्सुकतेची लाजही.

शेजारच्या तिच्या खोलीत तिने त्याच्या डोळ्यांत थेंब टाकले. बाहुल्या मोठ्या व्हायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात भावाने तिच्या खुर्चीपासून खिडकीच्या पडद्यांपर्यंत सगळ्याची टर उडवली. मग यंत्रावर हनुवटी टेकवली.

उजवा डोळा बघताना ती बडबडत होती. डावा बघताना तिने यंत्र आणखी पुढे सरकवलं.

"काय गं?"

"हलू नकोस. परत एकदा बघते."

भाऊ हलला नाही. हे वाक्य तो वीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकत आला होता. ते ज्याच्या वाट्याला यायचं, तो माणूस थोड्या वेळाने साखरेच्या तपासणीची चिठ्ठी घेऊन त्याच्याचकडे रक्त द्यायला यायचा.